गादीवरच्या लेकी आणि विद्यापीठाचे दार



शिष्यवृत्तीचे फॉर्म, बारावीनंतरच्या वाटा, मुलींची वसतिगृहे हे या सदराचे नेहमीचे विषय. आज मात्र कुस्ती, आणि तीही कॅनडा देशातली! काही जण म्हणतील, घरात तेल-मिठाची चिंता आणि बाईंनी हा कुठला सातासमुद्रापलीकडचा फड मांडला? थोडा धीर धरा. या फडात शिक्षणाचाच विषय आहे, आणि दहावीनंतर ज्यांच्या मुलींचे मैदान सुटते त्या प्रत्येक घराचा आहे.

कॅनडात हिवाळा सरता सरता, फेब्रुवारीच्या अखेरीस किंवा मार्चच्या सुरुवातीला, विद्यापीठांची राष्ट्रीय कुस्ती स्पर्धा भरते. दरवर्षी यजमान विद्यापीठ वेगळे. बाहेर हाडे गोठवणारी थंडी, रस्त्याच्या कडेला बर्फाचे ढीग, आणि आत क्रीडागृहात शेजारी शेजारी अंथरलेल्या गाद्या. आपल्याकडे महाराष्ट्र केसरीत माती विभाग आणि गादी विभाग असे दोन भाग असतात हे कुस्तीशौकिनांना ठाऊक आहेच. तिथे सगळे गादीवर. पश्चिमेकडील प्रांत, ओंटारिओ अशा विभागांच्या स्पर्धांतून निवडून आलेले विद्यार्थी आणि विद्यार्थिनी दोन दिवस तिथे झुंजतात. मुलांची कुस्ती आणि मुलींची कुस्ती त्याच छपराखाली, त्याच दोन दिवसांत, त्याच पंचांसमोर होते. शेवटी विजेतेपदे दोन दिली जातात, एक पुरुष संघाला, एक महिला संघाला. मुलींचा सामना दुपारच्या रिकाम्या वेळेत उरकून घ्यायचा आणि संध्याकाळी पाहुणे आले की मुलांची कुस्ती लावायची, हा प्रकार तिथे नाही.

कुस्तीचे नियम ऑलिंपिकचे, म्हणजे फ्रीस्टाइल. तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या, मध्ये तीस सेकंद दम घ्यायला. पट काढून प्रतिस्पर्ध्याला खाली घेतले की दोन गुण, उभ्या उभ्या उचलून थेट पाठीवर टाकले तर चार, गादीच्या हद्दीबाहेर काढले तर एक. दहा गुणांची आघाडी झाली की कुस्ती तिथेच संपली. दोन्ही खांदे टेकले की चितपट. त्याला जगात कुठेही गुणांचा हिशेब लागत नाही. शेजारच्या अमेरिकेत महाविद्यालयीन पुरुषांची कुस्ती निराळ्या जुन्या पद्धतीने चालते. तिथे समोरच्याला जमिनीवर दाबून किती वेळ ठेवले यालाही किंमत असते. कॅनडाचा विद्यार्थी मात्र पहिल्या दिवसापासून ऑलिंपिकची कुस्ती खेळतो. त्यामुळे विद्यापीठाच्या गादीवरून जगाच्या गादीवर जाताना त्याला शिकलेले विसरावे लागत नाही.

यातली मला सर्वांत आवडलेली गोष्ट म्हणजे संघाचे गुण. वजनगटात पहिल्या आलेल्या मुलीचे गुण जसे संघाच्या खात्यात पडतात, तसेच खालच्या क्रमांकांवर आलेल्या मुलींचेही पडतात. पदक हुकले तरी त्या मुलीने लढलेली पुढची कुस्ती संघासाठी मोलाची ठरते. आपल्याकडे मुलगी स्पर्धेतून परत आली की पहिला प्रश्न, "नंबर आला का?" नाही म्हटले की विषय संपला आणि पुढच्या वर्षी प्रवासखर्चही संपला.

आता जरा इतिहास. विद्यापीठांची ही पुरुषांची राष्ट्रीय स्पर्धा १९७० च्या दशकापासून चालत आली आहे. ती भरवणाऱ्या संघटनेचे नाव दोनदा बदलले. २०१६ पासून ती 'यू स्पोर्ट्स' या नावाने ओळखली जाते. मुलींची स्पर्धा १९९० चे दशक संपता संपता सुरू झाली. हे वर्ष नीट ध्यानात घ्या, कारण ऑलिंपिकने महिला कुस्तीला दार उघडले ते २००४ मध्ये, अथेन्स येथे. म्हणजे ऑलिंपिकमध्ये पदकच नव्हते तेव्हा त्या देशातील विद्यापीठांनी मुलींना गादी दिली, वस्ताद दिले, राष्ट्रीय विजेतेपद दिले. अमेरिकेतील महाविद्यालयांच्या सर्वांत मोठ्या संघटनेने, एनसीएएने, महिला कुस्तीला आपल्या अधिकृत विजेतेपदांच्या यादीत घेण्याचा निर्णय केला तो थेट जानेवारी २०२५ मध्ये! आणि आपल्याकडे? महाराष्ट्र केसरी १९६१ पासून आहे. महिलांची पहिली महाराष्ट्र केसरी सांगलीत भरली ती मार्च २०२३ मध्ये, आणि तो मान प्रतीक्षा बागडीने मिळवला. मधली बासष्ट वर्षे महाराष्ट्रातील मुलींना ताकद नव्हती असे कुणाला म्हणायचे असेल तर त्याने आधी हंड्यांच्या रांगेत तासभर उभे राहून पाहावे.

दार उशिरा उघडले की काय होते, याचे उदाहरण म्हणजे क्रिस्टीन नॉर्डहेगन. अल्बर्टा प्रांतातील ही मुलगी पेशाने शिक्षिका. महिलांच्या जागतिक स्पर्धेत ती सहा वेळा विजेती ठरली. पण ती ऐन भरात होती तेव्हा ऑलिंपिकमध्ये महिलांची कुस्तीच नव्हती. अथेन्सला ती उतरली तेव्हा वय तेहतीस, पदकाविना परतली. त्याच अथेन्समध्ये टोन्या वर्बीक हिने रौप्यपदक जिंकले. नायगाऱ्याच्या परिसरातील सेंट कॅथरिन्स शहराच्या ब्रॉक विद्यापीठात ती घडली. तिने पुढे २००८ मध्ये कांस्य आणि २०१२ मध्ये पुन्हा रौप्य मिळवले. तीन ऑलिंपिक, तीन पदके. विद्यापीठ स्पर्धेत ब्रॉकचा आज जो दबदबा आहे त्याच्या पायात अशा लेकींची मेहनत आहे.

पण खरी कहाणी सांगायची आहे ती कॅरल ह्युन्हची.

व्हिएतनाममधील युद्ध संपल्यानंतर तिथून लाखो माणसे परागंदा झाली. फुटक्या नावांतून, समुद्रातून, मिळेल त्या वाटेने. कॅनडाने १९७९ आणि १९८० या दोन वर्षांत सुमारे साठ हजार निर्वासितांना आसरा दिला. यात एक विशेष व्यवस्था होती. किमान पाच नागरिकांनी किंवा एखाद्या प्रार्थनामंडळीने एकत्र येऊन एका कुटुंबाची जबाबदारी घ्यायची: राहायला घर, पहिल्या वर्षाचा खर्च, भाषा, मुलांची शाळा, सगळे. या कामाबद्दल १९८६ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित संस्थेचे नान्सेन पदक कॅनडाच्या अवघ्या जनतेला देण्यात आले. ब्रिटिश कोलंबिया प्रांताच्या उत्तरेकडे डोंगरात हेझेल्टन नावाचे छोटे गाव आहे. तिथल्या चर्चच्या मंडळींनी असेच एक कुटुंब आणले. भाषा येत नाही, हातात काही नाही, असे ते आईबाप. कॅरल ही त्यांची कॅनडात जन्मलेली पहिली मुलगी, जन्म १९८०. थोरली बहीण शाळेत कुस्ती करायची म्हणून हीसुद्धा गेली. शरीराने अगदी लहानखुरी. बास्केटबॉलला असल्या मुलीला कोण विचारणार? पण कुस्तीत वजनगट असतो. लहानखुऱ्या मुलीची गाठ लहानखुऱ्या मुलीशीच पडते. पुढे ती व्हँकूव्हरजवळच्या सायमन फ्रेझर विद्यापीठात गेली, मानसशास्त्र शिकली आणि कुस्तीही शिकली. १६ ऑगस्ट २००८ रोजी बीजिंगमध्ये ४८ किलो गटाच्या अंतिम कुस्तीत तिने जपानच्या चिहारू इचोला हरवले. त्या ऑलिंपिकमधले कॅनडाचे ते पहिले सुवर्णपदक. महिला कुस्तीतले कॅनडाचे पहिले ऑलिंपिक सुवर्णही तेच.

एका खेडेगावातील दहा-वीस माणसांनी ठरवले, एक कुटुंब उभे करायचे. आपल्या विहारांच्या आणि मंडळांच्या जमाखर्चात जयंतीच्या मंडपाचा आकडा किती आणि एका मुलीच्या शिक्षणाचा आकडा किती, हे एकदा शेजारी शेजारी लिहून पाहायला हरकत नाही. जयंती दणक्यात व्हावीच, त्याला माझा विरोध नाही.

सायमन फ्रेझर विद्यापीठाने असाच आणखी एक मल्ल दिला. डॅनियल इगाली. नायजेरियाच्या संघाचा कप्तान म्हणून तो १९९४ मध्ये राष्ट्रकुल स्पर्धेसाठी कॅनडातील व्हिक्टोरिया शहरात आला. मायदेशी लष्करी राजवट होती. तो परत गेला नाही, निर्वासित म्हणून राहिला. याच विद्यापीठात शिकला, खेळला आणि २००० च्या सिडनी ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक जिंकले. कॅनडाचे कुस्तीतले पहिलेच सुवर्ण. जिंकल्यावर त्याने कॅनडाचा झेंडा गादीवर अंथरला, त्याच्याभोवती धावला आणि गुडघे टेकून त्याचे चुंबन घेतले. पुढे आपल्या मूळ गावी जाऊन त्याने मुलांसाठी शाळा उभारली. (हे विद्यापीठ अमेरिकी महाविद्यालयांच्या स्पर्धांतही उतरत आले आहे, ही गोष्ट वेगळी, तालीम मात्र कॅनडातलीच.)

आणि आपल्या वाचकांना आनंद वाटावा अशी गोष्ट: याच सायमन फ्रेझर विद्यापीठाच्या ग्रंथालयात आपल्या बाबासाहेबांचा अर्धपुतळा आहे. कॅनडात स्थायिक झालेल्या आपल्या बांधवांनी, त्यांत बरेचसे पंजाबातून गेलेले, तिथे आंबेडकरी विचारांचे काम चिकाटीने चालवले आहे. ब्रिटिश कोलंबिया प्रांताच्या सरकारने १४ एप्रिल २०२१ हा दिवस डॉ. आंबेडकर समता दिन म्हणून जाहीर केला, तो उगाच नव्हे. पंजाब्यांनी सोबत कुस्तीही नेली. सायमन फ्रेझरचाच अर्जन भुल्लर २०१० मध्ये दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत कॅनडासाठी सुवर्ण जिंकून गेला आणि २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्येही कॅनडाकडून लढला. माणसे गेली, तालीम गेली, आणि दुर्दैवाने जातही सामानात बांधली गेली; म्हणून तर तिथे समता दिन पाळावा लागतो.

कॅनडा म्हणजे स्वर्ग, असे कुणी समजू नये. कॅरलचे हेझेल्टन हे गाव गिटक्सान या मूलनिवासी लोकांच्या भूमीत वसले आहे. त्या देशाने शंभरावर वर्षे दीड लाखाहून अधिक मूलनिवासी मुले आईबापांपासून तोडून निवासी शाळांत डांबली. त्यांची भाषा तोडली, केस कापले, नावे बदलली. असली शेवटची शाळा १९९० च्या दशकात बंद झाली. देशाच्या पंतप्रधानांनी संसदेत माफी मागितली ती ११ जून २००८ रोजी, म्हणजे कॅरलच्या सुवर्णपदकाच्या दोनच महिने आधी. बाहेरून आलेल्या निर्वासिताला घर देणारा समाज घरच्या माणसाशी कसा वागला, हेही आपण वाचले पाहिजे. गावकुसाबाहेर राहिलेल्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको.

आता पैशाचा आणि अभ्यासाचा मुद्दा, कारण घरी शेवटी प्रश्न तिथेच येतो. या विद्यापीठांत खेळाची शिष्यवृत्ती मिळते, पण तिला मर्यादा आहे. शिक्षण शुल्क आणि सक्तीची फी, यापलीकडे खेळासाठी म्हणून रक्कम देता येत नाही. खोलीभाडे, जेवण, बूट हे ज्याचे त्याने पाहायचे. खेळाडू हा आधी विद्यार्थी असला पाहिजे. ठरावीक विषय उत्तीर्ण केल्याशिवाय पुढच्या वर्षी गादीवर पाऊल ठेवता येत नाही. आणि खेळायला एकूण पाच वर्षे मिळतात. मला हा पाच वर्षांचा नियम फार शहाणपणाचा वाटतो. अठराव्या वर्षी कच्ची असलेली मुलगी तेविसाव्या वर्षी विजेती होऊ शकते, पदवीही हातात पडते.

एरिका वीब हिचेच पाहा. ओंटारिओतील शाळेत नववीत असताना तिला क्रीडागृहाच्या दारावर एक पाटी दिसली: कुस्तीचा सराव, मुले व मुली एकत्र. ती आत गेली. पुढे कॅलगरी विद्यापीठात शिकायला गेली. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकला ती गेली ती दुसऱ्या मल्लाची सरावाची जोडीदार म्हणून. स्वतःची कुस्ती नाही, दुसरीला तयार करायचे. आणि २०१६ मध्ये रिओ येथे ७५ किलो गटात सुवर्ण! त्याच रिओमध्ये आपल्या साक्षी मलिकने ५८ किलो गटात कांस्य मिळवले. मधल्या काळात, २०१३ मध्ये, कुस्ती हा खेळच ऑलिंपिकमधून काढायची शिफारस झाली होती. खेळ वाचवण्यासाठी ज्या सुधारणा झाल्या त्यांत महिलांचे वजनगट चारावरून सहा करणे ही एक होती. शतकानुशतके ज्यांना आखाड्याची माती शिवू दिली नाही त्या बायांनी खेळाला हात दिला, असे म्हटले तर फारसे चुकणार नाही.

महाविद्यालयाने मल्लाच्या पाठीशी उभे राहावे, हे आपल्या मातीलाही परके नाही. राजर्षी शाहू महाराजांच्या करवीरनगरीत खासबाग मैदान उभे राहिले ते १९१२ मध्ये. त्याच कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात शिकलेले कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९५२ मध्ये हेलसिंकीला निघाले तेव्हा प्राचार्य खर्डेकरांनी स्वतःचे घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक असे आले! एका प्राचार्याचे मोठे मन होते म्हणून ते जमले. पण विद्यार्थ्याला परदेशी जायला गुरुजींचे घर गहाण पडावे, ही काही व्यवस्था झाली नाही.

माझ्या ओळखीच्या आया दोन शंका हमखास काढतात. पहिली, मुलीच्या जातीला हे शोभते का, शरीर बिघडेल, लग्न जमणार नाही. या शंकेवर मी आता शाई खर्च करत नाही. दुसरी शंका मात्र खरी आहे: मुलगी तिथे सुरक्षित आहे का? २०२३ मध्ये आपल्या नामवंत महिला मल्ल कुस्ती महासंघाच्या तत्कालीन अध्यक्षांवर लैंगिक छळाचे आरोप करत दिल्लीत जंतरमंतरवर बसल्या. २८ मे रोजी पोलिसांनी त्यांना रस्त्यावरून ओढत नेले, ते साऱ्या देशाने पाहिले. त्यांतल्या विनेश फोगटने २०१८ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत कॅनडाच्या जेसिका मॅकडोनाल्डला हरवून सुवर्ण जिंकले होते. कॅनडातही खेळाडूंच्या छळाच्या तक्रारी कमी नाहीत. त्यासाठी २०२२ मध्ये स्वतंत्र आयुक्तांचे कार्यालय उघडावे लागले, आणि २०२५ पासून ते काम खेळातील नीतिमत्तेसाठी असलेल्या एका स्वतंत्र केंद्राकडे गेले. तक्रार ऐकणारा माणूस महासंघाच्या पगारावर नसावा, इतकी साधी गोष्ट आहे. आईने आणि बापाने तालमीत जाऊन विचारायचे प्रश्नही साधेच: सरावाच्या वेळी दुसरी बाई हजर असते का, बाहेरगावी मुक्कामाला सोबत कोण, तक्रार झाली तर ती लिहून कोण घेते? वजन उतरवण्यासाठी मुलीला उपाशी ठेवतात का, हेही विचारा. २०२४ मध्ये पॅरिसला शंभर ग्रॅम जास्त भरले म्हणून विनेशची अंतिम कुस्ती गेली. तिथे वजनकाटा मोठमोठ्यांना सोडत नाही, मग आपल्या कोवळ्या मुलीच्या खुराकाकडे कुणाचे लक्ष आहे?

कॅरल ह्युन्ह पुढे कॅलगरी विद्यापीठात मुलामुलींना कुस्ती शिकवू लागली. गादीवरून उतरलेली बाई पुन्हा गादीजवळच उभी राहिली, शिट्टी हातात घेऊन. आपल्याकडे किती महाविद्यालयांत कुस्तीच्या वस्ताद बाई आहेत?

ज्यांच्या मुली कुस्ती, ज्युदो किंवा कबड्डी करतात त्यांनी या सदराकडे पत्र लिहावे. महाविद्यालय, सरावाची वेळ, शिकवणारे कोण, महिन्याला खर्च किती आणि फी-सवलत मिळते का, इतके कळवले तरी पुरे. आलेली माहिती तालुकावार छापू, म्हणजे शेजारच्या गावातील मुलीला दार कुठे आहे ते कळेल. पत्रात मुलीचे वजन लिहायला विसरू नका. जोड लावताना तेच आधी विचारतात.

जय भीम.